यादीबाहेरच्या प्राध्यापिका

(महाविद्यालयीन शिक्षिकांच्या एक दिवसाच्या जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला दिलेला विषय आहे 'विद्यापीठाच्या कारभारात शिक्षकांचं प्रतिनिधित्व'. हा विषय ऐकला की जांभई येते, हे मला ठाऊक आहे. त्यातून वेळ जेवणानंतरची. तेव्हा कायद्याच्या कलमांपासून सुरुवात करत नाही. एका यादीपासून करते.

२०१७ साली महाराष्ट्रात नवा विद्यापीठ कायदा लागू झाला आणि त्यानंतर अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, निवडणुका लागल्या. शिक्षक गटातून महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर मी उभी होते. आमच्या कॉलेजात स्टाफरूमबाहेरच्या फळ्यावर मतदारयादी लागली. आमच्याकडे इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई, नाव सांगत नाही, चष्मा पुसून त्या यादीपाशी उभ्या राहिल्या. अकरा वर्षं त्या आमच्याकडे शिकवत होत्या. पहिल्या वर्षाचे वर्ग त्यांच्याकडे, पेपर तपासणं त्यांच्याकडे, युवा महोत्सवाला मुलींना घेऊन जायचं तेही त्यांच्याकडे. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. शेवटी मला म्हणाल्या, "मॅडम, माझं नाव राहिलेलं दिसतंय. कुणाला सांगू?"

माझ्या हातात प्रचारपत्रकांचा गठ्ठा होता. त्यांचंच मत मागायला मी निघाले होते. "नाव राहिलेलं नाही हो, तुमचं नाव यादीत येतच नाही," हे सांगायची पाळी माझ्यावर आली. त्या हसल्या. म्हणाल्या, "असू दे. माझ्यामुळे तुमचं एक मत गेलं." मला अजूनही ते हसणं आठवतं.

आता कायदा सांगते. विद्यापीठ कायद्यात 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या आहे. ती पूर्ण वेळ काम करणाऱ्या आणि विद्यापीठाची मान्यता मिळालेल्या शिक्षकांपुरती आहे. जी बाई तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत सीएचबीवर आहे, जिला तासाच्या दराने पैसे मिळतात, जिची नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि उन्हाळ्यात जिला कुणी विचारत नाही, ती या व्याख्येत बसत नाही. वर्गातली मुलं तिला मॅडम म्हणतात, पालक तिला भेटायला येतात, परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षणाच्या तक्त्यावर तिचं नाव सगळ्यात आधी लागतं. मतदारयादीच्या हिशेबी मात्र ती शिक्षक नाही.

त्या दिवशी मी घरी जाऊन आमच्या कॉलेजातल्या यादीबाहेरच्या लोकांची नावं लिहून काढली. त्यांत दोघेच पुरुष निघाले. एक नेट-सेटची तयारी करणारा मुलगा, दुसरे निवृत्त होऊन परत शिकवायला आलेले गृहस्थ. बाकी सगळ्या बायका. हे असं का, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 'घर सांभाळून होईल' म्हणून सुरुवात होते. नवऱ्याची बदली झाली की कॉलेज बदलतं आणि आधीची वर्षं कुणी धरत नाही. आणि एक कारण आपण जाहीर सभेत बोलत नाही, ते आज बोलते. खासगी संस्थांत कायम जागेसाठी काय मोजावं लागतं, याच्या गोष्टी प्रत्येक स्टाफरूममध्ये चालतात. घरातला पैसा मोजायची वेळ आली की तो मुलाच्या नोकरीसाठी मोजला जातो. सुनेच्या नोकरीसाठी शेत विकलेलं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

म्हणजे अधिसभेत बायका किती, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. उमेदवारी अर्ज भरायच्या आधी, यादी टाइप होतानाच, निम्मा निकाल लागलेला असतो.

तरी त्या राखीव जागेबद्दलही बोलते, कारण तिच्यावर मी पाच वर्षं बसले. अधिसभेत संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांचे निवडून आलेले दहा प्रतिनिधी असतात. त्यांतली एक जागा अनुसूचित जातीसाठी, एक अनुसूचित जमातीसाठी, एक भटक्या-विमुक्तांसाठी, एक इतर मागासवर्गासाठी आणि एक महिलेसाठी. उरलेल्या पाच खुल्या. कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की खुल्या जागांवर बाईने उभं राहू नये. पण संघटनांची पॅनेलं ठरतात तेव्हा गृहीत धरलेलं असतं: बाई कुठे? महिलांच्या जागेवर. दलित उमेदवार कुठे? अनुसूचित जातीच्या जागेवर. दलित बाई कुठे, हा प्रश्न बैठकीत येतच नाही. बाईची जागा एकीकडे, जातीची जागा दुसरीकडे, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत ज्या बायका पडतात त्या पडून राहतात. त्या बैठकीला मी होते. मीही तो प्रश्न विचारला नाही. माझं नाव ठरत होतं, तेव्हा मला तो सुचला नाही, हे आज कबूल करते.

माझं नाव कसं ठरलं तेही ऐका. संघटनेचे तीन जण रविवारी सकाळी आमच्या घरी आले. भली माणसं, वर्षानुवर्षांचे सहकारी, मोर्चात शेजारी चाललेले. चहा झाला. मग त्यांतले ज्येष्ठ आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मॅडमना या खेपेला उभं करायचं म्हणतोय. तुमची काही हरकत?" मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. आमचे हे बँकेत. विद्यापीठाशी त्यांचा संबंध दाखला काढण्यापुरता. ते बिचारे गोंधळले, म्हणाले, "तिलाच विचारा की." तेव्हा तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही हसताय, पण यात कुणा एका माणसाचा दोष नाही. राखीव जागेवरची बाई ही त्यांच्या लेखी पॅनेल पूर्ण करायची बाब होती. मत देणारेही सगळे शिक्षक, त्यांत पुरुष अधिक. त्यामुळे महिलांच्या जागेवर कोण बसणार हे पुरुषांची संघटना ठरवते. वाद न घालणारी, सही मागितली की सही करणारी बाई त्यांना सोयीची. मी तशीच असेन असा त्यांचा अंदाज होता. पहिलं वर्षभर तो बरोबरही होता.

सभागृहात काय चालतं? वर्षातून किमान दोनदा अधिसभा भरते. मार्चमधली बैठक अर्थसंकल्पाची. प्रश्नोत्तरं, स्थगन प्रस्ताव, कपात सूचना, हरकतीचे मुद्दे, सगळा थाट विधानसभेसारखा. बोलणारे तेच ते दहा-बारा जण. पहिल्या बैठकीत मला पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला बोलावलं. दुसऱ्या बैठकीत पुन्हा बोलावलं. तिसऱ्या खेपेला मी जागेवरून उठलेच नाही, आणि माइकवर दोनदा नाव पुकारलं गेलं तरी पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहिले. माझ्या पाच वर्षांतला पहिला हस्तक्षेप म्हणाल तर तो हा.

खरा हस्तक्षेप पुढच्या मार्चमध्ये केला. आमच्या भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षिकेला सातवा महिना लागला, तेव्हा तिला सांगण्यात आलं, "पुढच्या महिन्यापासून येऊ नका, तास दुसऱ्यांना दिलेत." रजेचा प्रश्नच नव्हता, कारण नोकरीच नव्हती, नुसते तास होते. मी कपात सूचना दिली: तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी तरतूद का नाही? उत्तर आलं की हा विषय शासनाच्या अखत्यारीतला आहे. मी म्हटलं, दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या, मस्टरवर हजेरी लागणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या रजेचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिलेला आहे. खडी वाहणाऱ्या बाईला जो हक्क मिळाला तो शेक्सपिअर शिकवणाऱ्या बाईला का नाही? सभागृहात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, भावनेच्या भरात बोलू नका." घंटा वाजली. माझी वेळ संपली होती.

ठराव झाला नाही. 'विचाराधीन' असा शेरा पडला. पण एक झालं. संध्याकाळी बस स्टँडवर मला तीन वेगवेगळ्या तालुक्यांतून फोन आले. तीनही फोन बायकांचे, तीनही यादीबाहेरच्या. म्हणजे ज्यांनी मला मत दिलं नव्हतं, देऊ शकत नव्हत्या, त्यांनाच मी त्यांची प्रतिनिधी वाटले. आणि ज्यांनी मत दिलं त्यांना माझ्या बोलण्याने अडचण झाली. प्रतिनिधित्व या शब्दाचा अर्थ मला त्या बस स्टँडवर कळायला लागला.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मी अधिसभेला जायचे त्या दिवशी माझे तास कोण घ्यायचं? त्याच इंग्रजीच्या बाई. माझा विषय मराठी, पण वर्ग मोकळा राहू नये म्हणून त्या जाऊन बसायच्या. त्याचे पैसे त्यांना मिळायचे नाहीत. मी शिक्षकांचं प्रतिनिधित्व करत होते आणि ज्यांची शिक्षक म्हणून गणती नाही अशी बाई माझा वर्ग सांभाळत होती. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

आता थोडं मागे जाऊ. कारण 'निवडणुका म्हणजे राजकारण, त्यापेक्षा लायक माणसं नेमावीत' असं आपल्यातल्याच पुष्कळ जणी म्हणतात. हा वाद नवा नाही. १९०४ साली लॉर्ड कर्झनने विद्यापीठांचा कायदा आणला. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर ५० ते १०० सदस्य आणि त्यांत पदवीधरांकडून वगैरे निवडून येणारे २०. बहुसंख्य सरकारच्या मर्जीने नेमलेले. कारण तेच दिलं होतं: दर्जा, शिस्त, तज्ज्ञता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्याला विरोध केला. गोखले स्वतः फर्ग्युसनमधले प्राध्यापक. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघून बोलतो, एवढं कळायला त्यांना पुस्तक वाचावं लागलं नसेल.

आणि ते ज्या संस्थेत शिकवत होते तिचा कारभार शिक्षकच करत होते, हेही विसरू नका. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. आजीव सदस्य म्हणजे तिथे शिकवणारेच. वीस वर्षं, महिना ७५ रुपयांवर काम करायचं आणि संस्था आपणच चालवायची. टिळक आणि आगरकर कडाकडा भांडले, १८९० साली टिळक बाहेर पडले, ते याच सदस्यांच्या नियमांवरून आणि बाहेरच्या कमाईवरून झालेल्या वादात. भांडले, कारण घर त्यांचं होतं. ज्याचं घर नाही तो भांडत नाही, तो नोटीस वाचून गप्प बसतो. 'शिक्षकांनी कारभार करणं' ही कल्पना आपण परदेशातून आणलेली नाही, ती पुण्यातली आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. त्या पहिल्या आजीव सदस्यांत बाई नव्हती, हे उघडच आहे. पण त्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी संस्था उभारली, तेव्हा पार्वतीबाई आठवले गावोगाव हिंडून, सभेत उभ्या राहून संस्थेसाठी पैसा गोळा करत होत्या. वपन केलेली बाई व्यासपीठावर उभी राहून हिशेब सांगते, ही त्या काळात केवढी गोष्ट! संस्था चालवणं बायकांना जमणार नाही, हे आज कुणी म्हणू लागलं तर त्याला हिंगण्याला पाठवा.

आजच्या कायद्यात काय झालं? १९९४ च्या कायद्याखाली विद्याशाखेचे अधिष्ठाते निवडून यायचे. २०१६ च्या कायद्याने, जो २०१७ पासून लागू झाला, अधिष्ठाता हे निवड समितीतून भरायचं पगारी पद झालं. अभ्यास मंडळांवर, जिथे आपण काय शिकवायचं ते ठरतं, निवडून येणाऱ्यांपेक्षा नेमलेले जास्त झाले. व्यवस्थापन परिषद, जिथे पैशाचे आणि नेमणुकांचे निर्णय होतात, तिच्यावर अधिसभेने निवडलेले शिक्षक दोन. आणि जिथे निवडणूक आहे तिथे ती वेळेवर होईलच असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतली पदवीधरांची निवडणूक २०२३ च्या ऑगस्टमध्ये ऐन वेळी थांबवली गेली, आणि न्यायालयाच्या फेऱ्या होऊन ती झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. तेवढा काळ त्या खुर्च्या रिकाम्या.

बायका वरच्या पदावर गेल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. मुंबई विद्यापीठात मेहरू बेंगाली कुलगुरू झाल्या, नंतर १९९५ पासून स्नेहलता देशमुख. मुलांच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव यावं, हा निर्णय देशमुखबाईंच्या नावावर जमा आहे. किती साधी गोष्ट, पण ती सुचायला तिथे बाई असावी लागली. मात्र कुलगुरू नेमल्या जातात. नेमलेली बाई चांगली निघाली तर आपलं नशीब. ती चांगली निघाली नाही तर तिला जाब विचारायची सोय आपल्याकडे नाही.

नेमणं आणि निवडणं यांतला फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो लैंगिक छळाच्या तक्रारींत. आणि तो आपल्या सगळ्यांच्या जवळचा विषय आहे. १९९७ साली विशाखा निकाल आला. त्यानंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये जीएसकॅश नावाची समिती स्थापन झाली. तिच्यात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले विद्यार्थी, शिक्षकांनी निवडून दिलेले शिक्षक, कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी होते. निवडणूक व्हायची, उमेदवार हॉस्टेलात येऊन सांगायचे की तक्रार आली तर आम्ही कसे वागू. कल्पना करा, लैंगिक छळ या विषयावर जाहीर प्रचार! आपल्या कॉलेजात त्या समितीचा बोर्ड जिन्याखाली असतो.

२०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. चांगला कायदा, त्यासाठी चळवळीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं घासलं. पण त्यात समितीचे सदस्य मालकाने नेमायचे असं आहे. कारखान्यासाठी ते एक वेळ समजू शकते. विद्यापीठात मालक कोण? सप्टेंबर २०१७ मध्ये, इकडे माझ्या नावाची पत्रकं छापली जात होती त्याच सुमाराला, नेहरू विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने निवडून आलेली ती समिती बरखास्त केली आणि प्रशासनाने नेमलेली अंतर्गत समिती आणली. कायदा तसं सांगतो, असं कारण दिलं. शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, पण निर्णय झाला तो झाला.

गंमत पुढेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत या समितीबद्दल लिहिलं आहे: तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर तीन विद्यार्थी सदस्य घ्या, आणि ते लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत. दोन शिक्षक आणि दोन शिक्षकेतर कर्मचारी मात्र नेमायचे. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीला आपला प्रतिनिधी निवडता येतो, तिला शिकवणाऱ्या बाईला येत नाही. त्याच विनियमांत एक फार चांगली तरतूद आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या माणसांनी या समितीवर असू नये, समिती स्वतंत्र राहावी म्हणून. घरी जाऊन आपापल्या कॉलेजातली समिती तपासा. आणि हेही तपासा की ती निवडून आलेली विद्यार्थिनी त्या समितीवर आहे का, आणि आहे तर तिला हे माहीत आहे का.

आता एका आक्षेपाकडे येते. तो आमच्या संघटनेतल्याच लोकांचा आहे आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात, सीएचबीच्या शिक्षिकेला मत दिलं तर ते मत संस्थाचालकांच्या खिशात जाईल. तिची नेमणूक दर जूनला त्यांच्या हातात. चेअरमन सांगतील तिथे ती पसंतीक्रम लिहील. कायम शिक्षकाला तरी नोकरीची भीती नाही.

यात तथ्य आहे. भीती खरी आहे, मी ती जवळून पाहिली आहे. पण हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना? बायकांना मत दिलं तर नवऱ्याचीच दोन मतं होतील, असं म्हणणारे कमी नव्हते. मुंबई प्रांतात १९२१ साली बायकांना कायदेमंडळासाठी मत मिळालं, तेही मिळकतीची अट पुरी करणाऱ्या मोजक्या बायकांना. नवऱ्यावर अवलंबून असणं हे मत न देण्याचं कारण धरलं असतं तर अजून आपण थांबलेल्या असतो. मतपत्रिका गुप्त असते ती भित्र्या माणसासाठीच. आणि कायम शिक्षक निर्भयपणे मत देतात म्हणता, तर बढतीची फाइल अडकलेल्या सहकाऱ्यांना विचारून पाहा.

मला वाटतं आक्षेपाचं खरं कारण वेगळं आहे. सीएचबीवाल्या यादीत आल्या तर आमची, म्हणजे कायम नोकरीवाल्यांची, संख्या कमी पडेल. मग संघटनेच्या मागण्यांचा क्रम बदलावा लागेल. २०१३ साली आम्ही परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तो सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेटच्या प्रश्नावर. त्या मागण्या न्याय्य होत्या, मी त्या लढ्यात होते आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण आमच्या गावच्या सभांत मी स्वतः भाषणं केली, त्यांत तासिका तत्त्वावरच्यांचा उल्लेख शेवटच्या वाक्यात, 'तसेच' या शब्दानंतर यायचा. किती वर्षं आपण दुसऱ्यांच्या मागणीपत्रकात 'तसेच महिला' म्हणून शेवटी आलो, त्याचा आपल्याला राग यायचा. तेच आम्ही केलं.

मी आता निवृत्त आहे. अधिसभेवर पुन्हा जाणार नाही, जाऊ शकतही नाही. पण पुढच्या निवडणुकीच्या आधी काही गोष्टी करता येतील असं वाटतं. कायद्यातली शिक्षकाची व्याख्या बदलायची तर विधिमंडळात जावं लागेल, ते लांबचं काम. तोवर प्रत्येक कॉलेजात यादीबाहेरच्या शिक्षकांची आपणच एक यादी करायची. विद्यापीठाकडे निवेदन द्यायचं तर आकडा हातात हवा, आणि तो आज कुणाकडेच नीट नाही. मुद्दाम ठेवलेला नाही, असं मी म्हणेन, पण ते माझं मत. संघटनेच्या कार्यकारिणीत सीएचबीच्या शिक्षिकेला मतासह जागा द्या, ही मागणी मात्र आपण उद्याच करू शकतो. त्यासाठी कुणा मंत्र्याची सही लागत नाही. संघटना आपली आहे.

त्या इंग्रजीच्या बाईंबद्दल सकाळी दोघींनी विचारलं. त्या अजून शिकवतात. कॉलेज दुसरं, तत्त्व तेच. आज त्या येणार होत्या, पण शनिवारी तास बुडवला तर पैसे जातात, म्हणून आल्या नाहीत. माझ्याकडे त्यांनी एक चिठ्ठी दिली आहे. त्यावर त्यांनी नाव लिहिलेलं नाही. विषय लिहिला आहे, वर्षं लिहिली आहेत आणि आठवड्याचे तास लिहिले आहेत.

तसाच एक कागद मागच्या रांगेपासून फिरवायला दिला आहे. रकाने तीनच आहेत. नाव लिहायची भीती वाटत असेल तर लिहू नका. शिकवायला लागून किती वर्षं झाली ती लिहा, आणि पुढच्या बाईकडे द्या. पेन नसेल तर माझ्याकडे दोन आहेत.